कॅमेरा घराचा, किल्ली कोणाची?

राजकोटमधील एका प्रसूतिगृहात महिला रुग्णांच्या तपासणीच्या वेळी टिपलेली दृश्ये समाजमाध्यमांवर विकली जात आहेत, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने तपास हाती घेतला आणि पहिल्या अटकांत लातूर, सांगली व प्रयागराज येथील व्यक्ती होत्या. ही दृश्ये मिळवण्यासाठी रुग्णालयाचा उंबरठा ओलांडण्याची गरज कोणालाच पडली नव्हती. कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन१२३’ हा पासवर्डच तेथे कायम होता, असे पुढे समोर आले. देशभरातील अशाच कॅमेऱ्यांतून सुमारे पन्नास हजार चित्रफिती गोळा झाल्याचेही प्रसिद्ध झाले. त्यांत रुग्णालये होती, शाळा व कार्यालये होती आणि खासगी घरेही होती.

या प्रकरणाची चर्चा विकृती आणि शिक्षा या दोन शब्दांभोवती फिरली आणि यथावकाश विरून गेली. विकृतीला शिक्षा व्हायलाच हवी. परंतु प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. ज्या यंत्रातून घराचे अंतरंग दिसते त्याची किल्ली कोणाकडे आहे, याची नोंद ठेवण्याची जबाबदारी आपल्या व्यवस्थेत कोणावर आहे? आजमितीस याचे प्रामाणिक उत्तर ‘कोणावरही नाही’ असेच आहे.

मी राहतो त्या वाराणसीत हा प्रश्न रोजचा झाला आहे. पक्का महालातील घरे उंच आणि गल्ल्या अरुंद. मुले नोकरीसाठी नोएडा, पुणे, बेंगळुरूला गेलेली. घरात उरलेली सत्तरी ओलांडलेली आई किंवा वडील. दारावर, जिन्यावर, अंगणात कॅमेरे बसतात आणि त्यांचे चित्र दूरच्या मुलाच्या फोनवर दिसते. आई पडली तर कळावे, औषध देणारी बाई वेळेवर आली का ते पाहावे, अनोळखी माणूस दारात उभा राहिला तर आवाज द्यावा, हा हेतू निर्मळ आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतही चित्र फारसे वेगळे नसणार. या कॅमेऱ्यांना विरोध करण्याचे कारण नाही. विभक्त कुटुंबाच्या काळात तो दूरस्थ मुलांचा आधार आहे. मात्र मुलाला पुण्यातून जे दिसते ते आणखी कोणाला दिसत नाही ना, हे पाहण्याची सोय त्या कुटुंबाकडे क्वचितच असते.

त्यासाठी ही ‘दुरून पाहण्याची’ व्यवस्था चालते कशी, हे थोडे समजून घ्यावे लागेल. कॅमेऱ्यांचे चित्र घरातील एका यंत्रात साठते. ते यंत्र म्हणजे डीव्हीआर किंवा एनव्हीआर नावाची पेटी असते, किंवा त्यासाठी राखून ठेवलेला जुना संगणक. जोवर हे यंत्र घराच्या चार भिंतींत आहे तोवर धोका मर्यादित असतो. ते बाहेरून पाहता यावे यासाठी मात्र तीनपैकी एक वाट धरावी लागते.

पहिली वाट इंटरनेटच्या राउटरमध्ये त्या यंत्रासाठी दार उघडे ठेवण्याची. तंत्रज्ञ याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. हे दार मुलासाठी उघडले जाते, पण ते जगासाठीही उघडेच असते. मध्ये उभा असतो फक्त पासवर्ड. अनेक राउटरांत तर ‘यूपीएनपी’ नावाची सोय मुळातच चालू असते आणि तिच्या आधारे यंत्र आपले दार मालकाला न विचारता उघडून घेते. अशी उघडी दारे शोधायला फार कौशल्य लागत नाही. इंटरनेटला जोडलेली यंत्रे हुडकून त्यांची सूची करणारे ‘शोडान’ हे शोधयंत्र २००९ पासून उपलब्ध आहे.

दुसरी वाट कंपनीच्या सर्व्हरमार्फत जाण्याची. यंत्रावरचा क्यूआर कोड फोनने टिपायचा की काम झाले. यात राउटरचे दार उघडावे लागत नाही, म्हणून ही वाट सोपी आणि आज सर्वाधिक रुळलेली आहे. परंतु येथे किल्लीची एक प्रत कंपनीकडे राहते. मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या अमेरिकी कंपनीच्या प्रशासकीय खात्याचा तपशील बाहेर पडला आणि रुग्णालये, कारागृहे, शाळा यांतील सुमारे दीड लाख कॅमेरे परक्यांच्या नजरेस खुले झाले. त्याआधी २०१९ मध्ये स्वस्त कॅमेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या एका जोडणी-प्रणालीचे ओळखक्रमांक अंदाजाने शोधता येतात असे आढळले होते. त्या एका त्रुटीने वीस लाखांहून अधिक यंत्रे असुरक्षित ठरली. त्या घरांतील लोकांनी पासवर्ड बदलला असता तरी ही मूळ उणीव दूर झाली नसती.

तिसरी वाट खासगी बोगद्याची, म्हणजे व्हीपीएनची. मुलाचा फोन आधी घराच्या जाळ्यात ओळख पटवून शिरतो आणि मग जणू घरात बसल्याप्रमाणे कॅमेरा पाहतो. बाहेरून कॅमेरा दिसतच नाही. दिसतो तो फक्त बोगद्याचा बंद दरवाजा. घरगुती वापरासाठी ही तिन्हींत सर्वांत सुरक्षित वाट होय. भारतात अनेक घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नसल्याने ती उभारणे काहीसे किचकट होते खरे. तरी घरातून बाहेर जोडणी करून दोन टोके जुळवणाऱ्या सेवाही आता सहज मिळतात. अडचण तंत्राची कमी आणि ते सांगणाऱ्या माणसाच्या अभावाची अधिक आहे.

जुना संगणक वापरणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. ज्या संगणकावर रोजचे काम करणे जड जाते तोच कॅमेऱ्यांच्या नोंदीसाठी कोपऱ्यात ठेवला जातो आणि मग वर्षानुवर्षे कोणी त्याकडे पाहत नाही. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टचा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर सापडणाऱ्या त्रुटींची दुरुस्ती अशा संगणकापर्यंत आपोआप पोहोचेलच असे नाही. त्यावर दूरनियंत्रणाचे ॲप कायमच्या पासवर्डसह चालू ठेवले असेल, तर पाहणाऱ्याला केवळ चित्र मिळत नाही. तो संगणकच त्याच्या हाती जातो.

यात राष्ट्रीय प्रश्न कोठे आला, असे कोणी विचारेल. दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या यादीवर विसंबून लाखो कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला ‘डिन’ या कंपनीवर अशाच यंत्रांतून हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास कोलमडल्या. दुसरे उदाहरण युद्धाचे. जानेवारी २०२४ मध्ये कीव शहरावरील क्षेपणास्त्र हल्ल्याच्या वेळी रशियाने निवासी इमारतींवरील दोन कॅमेरे ताब्यात घेऊन हवाई संरक्षणाची हालचाल टिपली, असे युक्रेनच्या सुरक्षा यंत्रणेने जाहीर केले. कॅमेरे रहिवाशांनी आपल्या परिसरावर नजर ठेवायला लावले होते. सीमेलगतच्या किंवा लष्करी छावणीशेजारच्या आपल्या कोणत्याही शहराला हे लागू पडते.

आपले शासन निष्क्रिय आहे, असे म्हणता येणार नाही. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन राज्यमंत्री संजय धोत्रे यांनी लोकसभेत सांगितले होते की, सरकारी संस्थांतील सुमारे दहा लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि परदेशातील सर्व्हरकडे चित्रे जाण्याशी निगडित त्रुटी त्यांत आहेत. पुढे इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी अधिसूचना काढली आणि ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचणी बंधनकारक झाली. प्रवेशावरील नियंत्रण, चित्र पाठवताना त्याचे सांकेतिकीकरण, यंत्रणेतील त्रुटींची तपासणी अशा कसोट्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत उतरल्याशिवाय नवा कॅमेरा बाजारात येऊ नये, ही भूमिका योग्यच आहे. परंतु हा नियम कारखान्याच्या दारापाशी थांबतो. आधीच भिंतींवर लागलेल्या यंत्रांना तो लागू नाही. चाचणीत उत्तीर्ण झालेला कॅमेरा घरी बसवताना त्याला ‘१२३४५६’ असा पासवर्ड देणाऱ्या हातालाही तो रोखू शकत नाही.

आणि हा हात सर्वांत महत्त्वाचा आहे. आमच्या गल्लीत कॅमेरे बसवायला येणाऱ्या एका तरुण तंत्रज्ञाला मी विचारले, तेव्हा त्याने निःसंकोच सांगितले की, त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांचा पासवर्ड एकच असतो. वयस्कर माणसे तो विसरतात आणि मग रात्री-बेरात्री त्यालाच फोन करतात; एकच असला की सांगायला सोपे पडते. त्याच्या बोलण्यात कपट नव्हते, उलट सेवेची भावना होती. त्याच्या फोनमध्ये मात्र चाळीसएक घरांचे जिने, अंगणे आणि बैठकी दिसत होत्या. त्याचा फोन हरवला, विकला गेला किंवा त्याने धंदा सोडला तर काय, याचा विचार त्यानेही केला नव्हता आणि त्या चाळीस घरांनीही.

सरकारी कोषागारात मी जे शिकलो त्याच्या हे नेमके उलट आहे. तेथील भक्कम खोलीला दुहेरी कुलूप असते. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे. बदली झाली की कार्यभार सोपवताना किल्ल्यांचा उल्लेख करून दोघांच्या सह्या होतात. ही पद्धत अधिकाऱ्यांवरील अविश्वासातून आलेली नाही. उद्या काही विपरीत घडले तर त्या घटकेला किल्ली कोणाकडे होती, याचे उत्तर कागदावर मिळावे, एवढाच तिचा हेतू. घरगुती कॅमेऱ्याच्या बाबतीत असा एकही कागद आज तयार होत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे बनारसची जुनी फाटकबंदी आठवते. मोहल्ल्यांच्या तोंडाशी फाटके असत, रात्री ती बंद होत आणि त्यांच्या चौकीदारांचा खर्च रहिवासी स्वतः देत. १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने घरपट्टी लादली, तेव्हा बनारसकरांनी दुकाने बंद करून, घरदार सोडून मोकळ्या मैदानात ठाण मांडले. आपल्या पहाऱ्याचा खर्च आपण आधीपासून उचलतो, ही जाणीवही त्या संतापामागे होती. कंपनीला अखेर तो कर मागे घ्यावा लागला. त्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. फाटक कोणासाठी उघडायचे यात जातीचा आणि प्रतिष्ठेचा भाग असणारच. पण चौकीदार कोण आहे आणि त्याला पगार कोण देते, हे मोहल्ल्याला ठाऊक होते. आजच्या फाटकाचा चौकीदार कोठल्या देशातील सर्व्हरवर बसला आहे, हे घरमालकाला सांगता येत नाही.

कायद्याकडे वळले तर पोकळी अधिक स्पष्ट होते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हा एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती हेतूसाठी केलेल्या विदा-हाताळणीला लागूच होत नाही. तत्त्वतः हे बरोबर आहे. आजीने नातवाचा फोटो काढला म्हणून तिला नोटीस येऊ नये. पण घरगुती हेतू कोठे संपतो? युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये झेक प्रजासत्ताकातील एका खटल्यात निर्णय दिला की, घरावरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ताही टिपत असेल तर तो निव्वळ घरगुती उरत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने सामायिक घराच्या राहत्या भागात सहनिवाशांच्या संमतीवाचून कॅमेरे चालवता येणार नाहीत असे म्हटले आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. कॅमेरा कोठे रोखावा याची रेषा अशी हळूहळू आखली जात आहे. त्याची किल्ली कशी सांभाळावी, ही रेषा अद्याप कोणी आखलेली नाही.

उत्तर प्रदेशात ही रेषा तातडीने आखण्याची दोन कारणे आहेत. पहिले, पोलिसांचे ‘ऑपरेशन त्रिनेत्र’. लोकसहभागातून घरे, दुकाने व चौक येथे कॅमेरे बसवून गुन्ह्यांच्या तपासात त्यांचा उपयोग करण्याचा हा उपक्रम आहे. त्याचा लाभ नाकारता येणार नाही. मात्र जो खासगी कॅमेरा सार्वजनिक सुरक्षेचे साधन म्हणून मोजला जातो, त्याच्या कुलपाची तपासणीही सार्वजनिक काम मानली पाहिजे. दुसरे, घरगुती निवासव्यवस्था. राज्याने २०२५ मध्ये होमस्टे धोरण मंजूर केले. विश्वनाथ धाम उभे राहिल्यापासून यात्रेकरूंची गर्दी वाढली आणि काशीतील कित्येक जुन्या घरांच्या खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या गेल्या. अहिल्याबाईंच्या घाटावर स्नान करून येणारे मराठी कुटुंब ज्या घरात उतरते, तेथील व्हरांड्यात आणि जिन्यावर कॅमेरा असतो. पैसे घेऊन पाहुणा ठेवला की तो कॅमेरा ‘घरगुती’ या सवलतीत बसतो असे मानणे कठीण आहे. हाच न्याय महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांनाही लावावा लागेल. संस्था ही व्यक्ती नव्हे. शंभर सदनिकांची ये-जा टिपणाऱ्या यंत्राचा पासवर्ड सुरक्षारक्षकाच्या टेबलावर चिकटवलेला असेल तर उत्तरदायित्व संस्थेचेच राहील. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. तयारीचा वेळ हाच आहे.

करता येण्यासारखे काय आहे? ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच पासवर्ड देऊन विकण्यास मनाई केली आणि सुरक्षा-दुरुस्त्या किमान किती काळ मिळतील हे उत्पादकाला जाहीर करायला लावले. आपल्या चाचणीच्या जोडीला ही दुसरी अट खोक्यावर ठळकपणे छापून यावी. जपानने २०१९ मध्ये सरकारी संशोधन संस्थेकडून देशातील यंत्रांचे दुबळे पासवर्ड तपासून घेतले आणि इंटरनेट कंपन्यांमार्फत मालकांना सावध केले. त्यासाठी आधी कायद्यात दुरुस्ती केली, हे महत्त्वाचे; नागरिकांच्या दारांची कडी वाजवून पाहण्याचा अधिकार सरकारने स्वतःच गृहीत धरलेला नव्हता. आपल्याकडे संगणकांतील घातक प्रणालींबाबत असेच इशारे देण्यासाठी २०१७ पासून सायबर स्वच्छता केंद्र कार्यरत आहे. उघड्या कॅमेऱ्यांबाबत सावध करण्याचे काम मर्यादित आणि कायदेशीर चौकटीत त्याच्याकडे ठळकपणे सोपवता येईल.

तिसरी सूचना माझ्या अनुभवातील, आणि सर्वांत स्वस्त. घरातील विजेची वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडून व्हावी आणि तिची तपासणी व्हावी, हे आपण फार पूर्वी मान्य केले, कारण वायरिंगमधील दोष राहणाऱ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. बसवणाऱ्या तंत्रज्ञांची साधी नोंदणी, थोडे प्रशिक्षण आणि काम संपल्यावर द्यायचा एक पानी हस्तांतरण-कागद एवढ्याने सुरुवात होईल. मूळ पासवर्ड बदलला, यूपीएनपी बंद केले, राउटरमध्ये दार उघडे नाही, यंत्राची प्रणाली अद्ययावत केली आणि आज अमुक व्यक्तींकडे प्रवेश आहे, एवढ्या पाच ओळी व दोन सह्या पुरे. ऑपरेशन त्रिनेत्रसारख्या उपक्रमांत कॅमेऱ्याची नोंद करण्यापूर्वी हा कागद मागितला, तर पद्धत आपोआप रुळेल.

हे होईपर्यंत ज्याच्या घरी कॅमेरा आहे त्याने नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रशासकाचा पासवर्ड लांब आणि वेगळा ठेवून तो स्वतःच्या वहीत लिहावा. पाहणाऱ्या प्रत्येकाला केवळ चित्र दिसेल असे स्वतंत्र खाते द्यावे. फोनवरील ॲपला दुहेरी पडताळणी लावावी. कॅमेऱ्यांसाठी राउटरवर वेगळे जाळे ठेवावे, म्हणजे एक फुटले तरी बँकेचे व्यवहार होणारा संगणक त्यात अडकत नाही. यंत्राची घड्याळवेळ बरोबर असावी. उद्या चोरीचा पुरावा म्हणून चित्रफीत द्यायची वेळ आली तर चुकीच्या वेळेवरून वाद निर्माण होतो. शयनगृहात आणि न्हाणीघराच्या दिशेने कॅमेरा असूच नये, कारण न टिपलेले दृश्य कोणालाच चोरता येत नाही.

शेवटी, ज्या वृद्धांच्या काळजीपोटी हे सारे चालते त्यांना या यादीत सर्वांत आधी विचारात घ्यायला हवे. आपल्याला कोण पाहते, केव्हा पाहते आणि ते चित्र किती दिवस साठते, हे त्या आईला सांगितलेले असावे. नको वाटेल तेव्हा कॅमेरा बंद कसा करायचा, हेही तिला दाखवलेले असावे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. त्या हस्तांतरण-कागदावरील दोन सह्यांपैकी एक तंत्रज्ञाची असेल. दुसरी, ते घर जिचे आहे तिची असावी.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून वाराणसी येथे वास्तव्यास आहेत.)